केसरीनाथकाका आणि गेटवरचा कॉम्प्युटर

केसरीनाथकाकांचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. राग त्यांचा येतो, स्वतःचा येतो की त्या मेल्या कार्डाचा, ते आजही नीट सांगता यायचं नाही.

काका पूर्णा गावचे. भिवंडीत तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे कारखान्यातले कापड विणायचे लूम बिघडले की दुरुस्त करायचे. लूमच्या अंगावर तळहात ठेवून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचे, असं त्यांचं नाव होतं. पुढे कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले आणि काका वडप्याला आमच्या गोदामात मेन्टेनन्सला लागले. पंखे, शटर, पाण्याची मोटर, सगळं तेच बघायचे. मी दिघाशीहून यायची आणि गेटच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची आवक-जावक लिहायची.

दोन हजार सातची गोष्ट. साहेबांनी रजिस्टर बंद करून गेटवर कॉम्प्युटर बसवला. त्यात लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं. मी तीन महिन्यांचा कोर्स केला होता तो विंडोजवर. इथे कुठलंच बटण ओळखीच्या जागी नव्हतं. शिवाय गेटपासून ऑफिसपर्यंत टाकलेली केबल ट्रेलरच्या चाकाखाली दोनदा तुटली होती, म्हणून साहेबांनी वायरलेस कार्ड आणून दिलं. त्याच्याबरोबरची सीडी ह्या लिनक्सला चालेना.

सोमवारी साहेबांनी सरळ सांगितलं. शनिवारी ठाण्याच्या एजन्सीचा माणूस येणार. तोवर गेट ऑफिसला जोडलं गेलं तर ठीक, नाहीतर मेन्टेनन्सचं सगळं काम एजन्सीकडे आणि काका प्लॅटफॉर्मवर, माल चढवायला. काका तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. शिडी चढताना गुडघ्याला हाताचा आधार द्यायचे. तरी साहेबांना म्हणाले, लावून देतो.

मंगळवारी मी नाक्यावरच्या सायबर कॅफेतून इंग्रजीतली सहा पानं छापून आणली. काळ्या खिडकीत काय काय टाइप करायचं ते त्यात होतं. मी टाइप करायची आणि काका कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर ताडून बघायचे. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझी चूक मात्र माझ्याआधी त्यांना दिसायची. दुपारी कार्डाचा हिरवा दिवा लागला आणि ऑफिसातली गाड्यांची यादी आमच्या पडद्यावर उघडली. काकांनी चहा मागवला. दिवा लागला म्हणून आम्ही पुढचं वाचलंच नाही. हे सगळं कॉम्प्युटरच्या कायमचं लक्षात राहावं यासाठी काय करायचं, ते सहाव्या पानावर होतं. मला ते कळलं दोन महिन्यांनी, आणि तेव्हा कळून काय उपयोग?

बुधवारी सकाळी दिवा गायब. काकांनी कॉम्प्युटर उघडला, कार्ड काढलं, त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि परत बसवलं. मी सगळं पुन्हा टाइप केलं. चाललं. मग अँटेना जरा सरळ करावी म्हणून त्यांनी हात घातला आणि परत गेलं. गुरुवारी हेच चार वेळा झालं. चौथ्यांदा मी माउस आपटला आणि केबिनच्या मागे जाऊन रडले. काका मात्र कार्डाशी हळू आवाजात बोलत बसले होते, आणि त्याने मला आणखीच चीड आली.

शुक्रवारी मागच्या शटरसाठी काकांना बोलावणं आलं. मी एकटीने टाइप केलं आणि चार तास कार्ड सुरळीत चाललं. काका परत आले, खूश झाले, म्हणाले एक स्क्रू तेवढा आवळतो. त्यांनी भिंतीवरचा मेन स्विच बंद केला, वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या बॅटरीचा खटकाही पाडला, स्क्रू आवळला आणि मेन चालू केला. दिवा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मेन बंद केल्याशिवाय काका मशीनला बोट लावत नसत, आणि संध्याकाळी घरी जाताना बॅटरीसकट सगळं बंद करून जात. टाइप केलेलं दरवेळी त्यातच पुसलं जात होतं. मी त्यांच्यावर ओरडले. बापाच्या वयाच्या माणसाला म्हणाले की तुम्हीच त्याला रोज मारताय. काकांनी ऐकून घेतलं. जॉबरला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आधी मेन, मग हात, एवढंच म्हणाले. मी सगळं पुन्हा टाइप केलं, आणि त्या संध्याकाळी मात्र मशीन चालू ठेवून ते घरी निघाले. हायवेपर्यंत जाऊन एकदा परत आले, खिडकीतून बघितलं आणि मग गेले.

शनिवारी साहेब आणि एजन्सीचा इंजिनिअर आले. मी एका ट्रकचा नंबर टाइप केला. ऑफिसातून फोन आला की दिसला. साहेबांनी मान डोलावली. काका दाराशी उभे होते, धुतलेला शर्ट घालून. त्यांचं काम वाचलं होतं.

इंजिनिअर म्हणाला, कार्ड कुठलं आहे बघू. रोज उघडावं लागत होतं म्हणून कॉम्प्युटरचं झाकण आम्ही लावलंच नव्हतं. तो वाकला आणि त्याने फिरणाऱ्या पंख्याशेजारून आत दोन बोटं घातली.

खट्ट आवाज आला. काकांचा एक हात मेनवर होता, दुसरा बॅटरीच्या खटक्यावर.

मी पंधरा मिनिटं मागितली. टाइप करताना तीनदा चुकलं. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत होते आणि साहेब घड्याळ बघत होते. इंजिनिअर चांगल्या शब्दांत म्हणाला की असल्या जुगाडाचा भरवसा नसतो. साहेबांना ते पटलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी प्लॅटफॉर्मवर गेले. काका खोक्याला टेकून गुडघा चोळत होते. मी म्हटलं, त्या पंख्याने फार तर नख खरचटलं असतं, काका. तुम्हाला माहीत होतं ना?

"ठाव होतं," काका म्हणाले. "पन चालू मशीनमदी मानसाचा हात दिसला. मंग मी कार्डाकडं बघू का हाताकडं? तुजा हात असता तरी बंदच केला असता, पोरी."

त्यांनी पुढचं खोकं उचललं. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.