रुआबांध्याचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प

मला एक आवाज हवा होता. नवऱ्याला, नेहरू नगरच्या दुकानदाराला आणि रुआबांध्याच्या म्हाताऱ्याला मी हे निरनिराळ्या शब्दांत सांगितलं. तिघांनी ऐकलं आणि तिघांनी आपापल्या मनाचं केलं.

मी हवाईयन गिटार वाजवते. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. माझ्या लहानपणी भिलाईत पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरांत, बऱ्याच मुली हे शिकत. मुलगी दाखवताना सांगायला बरं पडे. लग्न झालं की गिटार दिवाणात जाई. माझीही गेली. माझी मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर मी ती काढली, गंजलेल्या तारा बदलल्या आणि शाळेत शिकवून आल्यावर रोज संध्याकाळी बसू लागले. बोटं हळूहळू वळली. आवाज मात्र वळेना. माझ्याजवळचा छोटा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक सूर डब्यावर चमचा मारल्यासारखा बाहेर फेकत होता.

अमेरिकेतल्या ब्लूज नावाच्या गाण्यांत काही सूर मुद्दाम जागेच्या किंचित खाली ठेवतात. कांडीने ते सहज जमतं. पण तो सूर लांब टिकला पाहिजे, उबदार राहिला पाहिजे आणि जरा जोरात छेडला तर फक्त कडेला खरखरला पाहिजे. ते व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये होतं. जुन्या रेडिओत काचेचे दिवे असत, तेच हे व्हॉल्व्ह; कोणी ट्यूबही म्हणतात. मी पुष्कळ ऐकलं, पुष्कळ वाचलं आणि ठरवलं की घ्यायचा तर व्हॉल्व्हचा, लहान, साफ आवाजाचा.

नवरा म्हणाला, "लहान कायले? घेतेच आहे तर शंभर वॉटचा घे ना."

"क्वार्टरमध्ये शंभर वॉट?"

"आवाज कमी ठेवजो."

आवाज कमी ठेवला की शंभर वॉटचा अ‍ॅम्प झोपलेलाच असतो, हे त्याला पटलं नाही. तो प्लांटमध्ये मेकॅनिकल मेंटेनन्सला आहे. त्याच्या हिशेबात यंत्र मोठं असावं, जड असावं आणि अर्ध्या ताकदीवर चालावं, म्हणजे टिकतं.

नेहरू नगरचं दुकान एका कोचिंग क्लासच्या वर होतं. भिंतींना आवाज अडवायला गालिचा ठोकला होता आणि त्या गालिच्याला बंद बुटात ठेवलेल्या मोज्यांचा वास येत होता. दुकानदार चाळिशीचा, मागे केसांची शेपटी बांधलेला. गिटार मला वाजवायची होती आणि तो विचारत होता नवऱ्याला.

"सर को कितने वॉट का चाहिए?"

"सर को नहीं, मुझे चाहिए," मी म्हटलं. "व्हॉल्व्ह का. साफ आवाज़."

त्याने खांद्यावर स्वतःची गिटार अडकवली, सगळी बटनं उजवीकडे पिळली आणि सुरू केलं. पत्रे कापायच्या कारखान्यात असतो तसला आवाज. डोळे मिटून, खालचा ओठ दाताखाली धरून तो वाजवत होता आणि ओठाच्या कोपऱ्यात थुंकी जमली होती. मला तिकडे बघवेना. खाली कोचिंगमधून कोणीतरी छताला काठीने ठोकलं, तेव्हा थांबला.

"क्या बोलते हैं मॅडम? असली ट्यूब का दम!"

"ये सब हटाइए. साफ सुनाइए."

"साफ में क्या मज़ा है मॅडम?"

अ‍ॅम्पला पुढून जाळीची खिडकी होती. तिच्याआड दोन काचेचे व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले दिसत होते. नवरा वाकून कौतुकाने बघत होता. अ‍ॅम्प बराच वेळ चालू होता, म्हणून मी मागच्या मोकळ्या बाजूने हात नेला. व्हॉल्व्हच्या काचेला बोट लावलं तर चटका बसायला हवा. माझं बोट तिथेच राहिलं. काच थंडगार होती. मी आणखी वाकून पाहिलं. दोन्ही व्हॉल्व्हच्या खाली एकेक छोटा नारिंगी एलईडी चिकटवलेला होता. दिवाळीच्या माळेतला असतो तसला.

"ये क्या है?"

"वो दिखने के लिए है मॅडम. फील आता है."

शाळेत प्रॅक्टिकलला मुलं थर्मामीटर न बघताच तापमान लिहितात, तेव्हा मला जे होतं ते झालं. मी नवऱ्याला म्हटलं, चला. जिन्यात तो म्हणाला, "पण दिसत तर मस्त होता."

रुआबांधा वस्तीतला पत्ता त्यानेच काढला, हे मान्य करते. तिथला एक म्हातारा पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचा, गणपतीच्या मांडवांतून कार्यक्रम करायचा. ऑर्केस्ट्रा मोडला आणि सामान सगळं याच्या घरात पडून राहिलं. मूळचा आमच्या भंडाऱ्याकडचाच. बनियन आणि लुंगीत बाहेर आला. तोंडात खर्रा. नागपूरकडचे लोक सुपारी-तंबाखू घोटून हे खातात आणि मग सगळीकडे थुंकतात. हा थुंकत होता रंगाच्या रिकाम्या डब्यात. डबा भरत आला होता. तो त्याने पायाने माझ्याकडे सरकवला, कारण मला बसायला वेताचा मोढा द्यायचा होता.

"बसा बाई. भाऊ, तुमी वाजवता का?"

"मी वाजवते," मी म्हटलं.

"हाव का! बाईमानूस?" तो हसला. दात पाहायला मिळाले.

अ‍ॅम्प पलंगाखालून निघाला. वर धुळीचा थर, त्यावर अगरबत्तीची राख, त्यावर पालीच्या लेंड्या. पुढच्या कापडावर तपकिरी ओघळ होते. ते कशाचे, हे विचारायची गरज नव्हती. मागे झुरळांच्या अंड्यांच्या पिशव्या ओळीने चिकटल्या होत्या. म्हाताऱ्याने बटनं बनियनच्या टोकाने पुसली, म्हणजे बनियनवर होतं तेही बटनांना लावलं. प्लग खोचला. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले, खरे लाल, आणि गरम होताच आतून भाजलेल्या झुरळाचा वास आला. मी पदर नाकाला लावला. नवरा दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

मग मी बरोबर आणलेली गिटार मांडीवर घेतली आणि एक सूर लावला.

त्या सुराबद्दल मला फार लिहिता येणार नाही. तो होता तिथे थांबला. मी कांडी जरा मागे घेतली, तो खाली झुकला, तरी तुटला नाही. जोरात छेडला तर कडेला खरखरला. हळू छेडला तर माझ्या नखाचा आवाजसुद्धा आला. मी पदर नाकावरून काढून ठेवला आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला.

"घ्याचा आहे का?" नवऱ्याने बाहेरून विचारलं.

"घ्यायचा."

"हे घान?"

"हेच."

घरी आल्यावर मी तो बाल्कनीत उघडला, झुरळं काढली, ब्रश फिरवला, स्पिरिटने बटनं आणि बाहेरचं सगळं पुसलं. स्पीकरला हात लावला नाही. आवाज ज्यातून निघतो तो त्याचा कागद जुना, मऊ झालेला, एका कडेला डाग पडलेला. वास थोडा राहिला. मी खिडकी उघडून वाजवत असे.

मग भंडाऱ्याला बहिणीकडे लग्न निघालं आणि मी गेले. नवऱ्याला सुट्टी नव्हती.

परत आले तर जिन्यातच ऑइलपेंटचा वास आला. मला वाटलं, कोणीतरी दार रंगवलंय. आमच्याच घरातून येत होता. आमच्याकडे फाटक हिरवं आहे, कूलरचा स्टँड हिरवा आहे, सिलिंडरची ट्रॉली हिरवी आहे. प्लांटमधली माणसं घरात जे दिसेल त्याला मशीनचा हिरवा रंग देतात. दिवाणखान्याच्या मधोमध अ‍ॅम्प उभा होता. हिरवा. बटनंसुद्धा हिरवी, त्यांच्यावरचे आकडे रंगाखाली गेलेले. कापड काढून टाकलेलं, त्या जागी कूलरची जाळी. नवरा बाजूला उभा, हात पुसत.

"सरप्राइज," तो म्हणाला.

"अजी, हे काय केलं तुमी?"

"कॅपिटल रिपेअर! पूर्ण खोलला. काय घान होती आतमधी, सांगू नोको. सगळं साफ करून टाकलं. स्पीकर तर पुरा गेला होता, कागद फाटून राहिला होता. नवा टाकला. धुमालवाल्याकडून आनला. पाह्य, वाजवून पाह्य."

धुमाल म्हणजे आमच्याकडच्या वरातींत ट्रकवर बसून छाती हलवतं ते वाद्यपथक. मी हातपाय न धुता गिटार काढली. सूर लावला. चमचा आणि डबा. फक्त आता डबा मोठा होता.

"वाढला का नाई आवाज?" त्याने विचारलं. चेहरा अगदी उजळलेला.

"जुना स्पीकर कुठे आहे?"

"आहे ना. मी फेकतो का कधी?"

ही एक आशा होती. त्याच्या दिवाणात गंजलेले नट, फाटके पट्टे, बंद पडलेल्या मिक्सरच्या मोटारी, सगळं असतं. त्याने अभिमानाने एक स्टीलची वाटी आणून दाखवली. वाटीच्या खाली चुंबक चिकटलेलं, आणि आत खिळे आणि स्क्रू पक्के धरलेले.

"पाह्य. आता खाली पडत नाईत."

स्पीकरचं चुंबक. हातोडीने सोडवलेलं. कागद कुठे आहे, हे विचारलं, तर म्हणाला, "तो कागद काय कामाचा?"

मी भांडले नाही. किळस आली की मला भांडता येत नाही. ती रंगाची होती, वासाची होती आणि त्या वाटीचीही होती. मी रोज संध्याकाळी वाजवताना जो शेजारी बसून चहा पीत असे, त्याने एकदाही काही ऐकलं नव्हतं. त्याला दोन्ही आवाज एकसारखेच होते, आणि त्यातला मोठा चांगला होता.

"एवढी मेहनत केली आमी," तो म्हणाला.

"दिसून राहिली," मी म्हटलं.

रविवारी मी त्याला स्कूटर काढायला लावली. अ‍ॅम्प पुढे पायांत, मी मागे गिटार घेऊन, पिशवीत वायरी तपासायचं त्याचं मीटर. रुआबांध्यात पोचल्यावर सांगितलं, "तुमी इथंच बसा. आत यायचं नाही."

"कावून?"

"मी ऐकणार आहे."

म्हाताऱ्याने दार उघडलं आणि अ‍ॅम्पकडे बघत राहिला. "बाई, कूलर कायले आनला?"

"तुमचाच अ‍ॅम्प आहे."

तो इतका हसला की ठसक्याने खर्रा उडाला आणि डब्यापर्यंत पोचलाच नाही. जमिनीवर पडलेलं ओलांडून मी आत गेले.

जुने स्पीकर त्याच्याकडे पोतंभर होते, ऑर्केस्ट्राच्या पेट्यांतले, मोडक्या रेडिओंतले. पोतं त्याने जमिनीवर ओतलं. त्यातून जे पळायचं ते पळालं. मीटर लावून मी चालणारे बाजूला काढले. त्याला त्यातला एक चकचकीत, पांढऱ्या कडेचा द्यायचा होता. "हा घ्या, नवाच आहे, एकदम डीजे." मी तो आधी लावला, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल. नंतर बाकीचे, एकेक. दर वेळी तोच तुकडा, त्याच जोराने. एक गुणगुणत होता, एक नाकात बोलत होता. दोन ठीक होते, पण सूर खाली झुकवला की सोडून देत. म्हातारा कंटाळून लुंगी वर घेऊन पलंगावर आडवा झाला आणि मांडी खाजवू लागला. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता.

शेवटून दुसरा होता तो मी हातात घ्यायला तयार नव्हते. उंदराने त्यात घर केलं होतं. कागदावर पिवळे डाग, कडेला कुरतडलेलं, आणि वास असा की म्हातारासुद्धा म्हणाला, "तो नोको बाई." वर्तमानपत्राच्या तुकड्याने धरून मी तो जोडला.

पहिल्यासारखा नव्हता. थोडा जास्त जाड होता, वरच्या सुरांना जरा मागे खेचणारा. पण कांडी मागे घेतली तेव्हा सूर माझ्याबरोबर खाली आला आणि तिथे थांबला. मी तुकडा पूर्ण वाजवला. म्हातारा मांडी खाजवायचा थांबला नाही, नवरा हॉर्न वाजवायचा थांबला नाही.

"हा द्या," मी म्हटलं.

तिथेच बसून मी धुमालवाल्याचा स्पीकर काढला आणि हा बसवला. स्क्रू आवळताना डागाला बोट लागलं.

घरी नवऱ्याने अ‍ॅम्प जागेवर ठेवला, वाकून आत पाहिलं आणि नाक दाबलं. "उंदीर मुतला आहे यात."

"माहीत आहे."

"निदान त्याले डेटॉलने पुसून तर देतो."

"हात लावू नका. पुसू नका, खोलू नका, रंगवू नका."

"आन् तू असा वास घेत बसशील?"

मी खिडकी उघडली, हात साबणाने दोनदा धुतले आणि गिटार मांडीवर घेतली. व्हॉल्व्ह तापले, वास वर आला. नवरा चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाऊन बसला आणि मी वाजवायला सुरुवात केली.