आधी टिक, मग पेशंट

तुम्ही वॉर्डात बसून चहा मागत असताना तुमचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, असं कागदावर लिहून ठेवलेलं तुम्हाला चालेल का?

सौंसरच्या ज्या दवाखान्यात मी स्टाफ नर्स आहे, तिथे ते चालत होतं. त्या सकाळी शेषराव नावाचे पेशंट उपाशीपोटी वॉर्डात बसून "घोटभर तरी द्या जी" म्हणत होते. इकडे ऑपरेशन थिएटरात त्यांच्या फॉर्मवर सगळ्या टिक पडल्या होत्या. शेवटची टिक होती, 'ऑपरेशननंतर गॉज मोजले', म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे तुकडे आत राहिले नाहीत, हे पाहिलं.

या फॉर्मला सेफ्टी चेकलिस्ट म्हणतात. तीनदा थांबायचं असतं. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी. दर वेळी मोठ्यानं विचारायचं, उत्तर ऐकायचं, मग टिक करायची. आमच्या इनचार्ज सिस्टरनी यातलं विचारणं आणि ऐकणं काढून टाकलं होतं. त्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं, आणि इन्स्पेक्शनवाल्यांना रिकामे चौकोन बघवत नाहीत.

शेषराव संत्र्याच्या बागेत मजुरी करतात. क्रेट उचलून उचलून त्यांना हर्निया झाला होता. जांघेजवळच्या कमजोर जागेतून आतडं पुढे येतं, त्याला हर्निया म्हणतात. उभं राहिलं, खोकललं की फुगवटा दिसतो. आडवं झालं की बहुतेक वेळा आत जातो, आणि टेबलावर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. म्हणून सर्जन आधीच मार्करनं कातडीवर बाण काढून ठेवतात. आमच्या सर्जन सरांनी आदल्या संध्याकाळी तो काढलाही होता.

शेषरावांना टेबलावर बसवलं. भूल देणारे डॉक्टर पाठीत द्यायचं इंजेक्शन भरून उभे होते. त्यांना पुढची केस पांढुर्ण्याला होती. मी गाऊन सरकवून पाहिलं. बाण नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही.

"फॉर्मवर राइट आहे," इनचार्ज म्हणाल्या. "टिकपण आहे."

"मॅडम, केसपेपरवर लेफ्ट आहे."

"काल राइटचाच होता ना?"

कालचा पेशंट दुसरा होता. त्याच्या फॉर्मवरून आजचा उतरवला होता. नाव तेवढं बदललं होतं.

मी शेषरावांनाच विचारलं, "काका, कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे?"

"सायेब म्हनतीन ते. आपल्याले काय समजते?"

"दुखते कुठं?"

"आता नाई दुखत जी. आता चांगला हावो मी."

दारात त्यांची बायको सुमनबाई उभ्या होत्या. त्यांना बाणाचं विचारलं.

"तो निळा डाग? घासून काढला ना म्या! मोठ्या डॉक्टरपुढं मानूस मळका कसा नेऊ? साबनानं जाये ना. मंग दगडानं घासला, तवा गेला. लय पक्का होता बाप्पा!"

त्यांचं काय चुकलं? ऑपरेशनच्या दिवशी चांगली आंघोळ घाला, हे आम्हीच सांगितलं होतं. डाग कशाचा आहे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. फॉर्मवर मात्र 'नातेवाइकांना माहिती दिली' यावर टिक होती.

तेवढ्यात सर हात धुऊन आत आले. "सर, काकांना खाली उतरवते," मी म्हणाले.

"तू काय नवीन कायदा काढून राहिली का?" इनचार्ज कडाडल्या. "डॉक्टरसाहेब थांबून राहिले."

"थांबू द्या. चुकीच्या बाजूला चिरा पडला तर हा माणूस दोन जखमा घेऊन घरी जाईन."

सरांनी केसपेपरवर नजर टाकली. मग म्हणाले, "उतरवा."

शेषराव उभे राहिले. मी म्हटलं, "काका, खोका." ते लाजून हळूच खोकले. "जोरानं!" ते दणकून खोकले आणि डावीकडे लिंबाएवढा फुगवटा उठला.

सरांनी नवीन मार्कर मागवून बाण काढला, भूल दिल्यावर पुन्हा हात धुऊन हातमोजे चढवले आणि डाव्या बाजूचं ऑपरेशन केलं. त्या दिवशी गॉजसुद्धा खरोखर मोजले गेले.

मी फॉर्मवरचं 'राइट' खोडून 'लेफ्ट' लिहिलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी शेषराव चालत संडासला गेले आणि माझ्या हातात मेमो आला: शासकीय इन्स्पेक्शनच्या तोंडावर कागदपत्रांत खाडाखोड केल्याबद्दल खुलासा द्यावा. टीम आली, तेव्हा माझा फॉर्म फाइलमधून काढून ठेवला होता. बाकीची फाइल पाहून टीमचे साहेब खूश झाले. इतकी स्वच्छ फाइल तालुक्यात नाही, म्हणाले. खरंच नव्हती. पेशंटला विचारल्याचा एकही डाग तिच्यावर नव्हता.

खुलाशात मी एकच ओळ लिहिली: पेशंट खोकला.

धडा एवढाच की चुकलेला माणूस दुरुस्त होतो, चुकलेला फॉर्म दुरुस्त केला की दवाखान्याची अब्रू जाते. म्हणून फॉर्मवर भरवसा ठेवू नका. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आज जेवायला बसण्याआधी त्यांच्याकडून तीन गोष्टी मोठ्यानं म्हणवून घ्या. माझं नाव हे. माझं ऑपरेशन हे. माझी बाजू ही. आणि भूल देण्याआधी कुणी विचारलं नाही, तरी त्यांना त्या सांगायला लावा.