यवनांचा किनारा

गोंदाचा वास आला की मला तोयोसुतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट आठवते. लेक तेव्हा सहावीत होती. प्राचीन ग्रीकांच्या किनाऱ्यावरच्या वसाहतींचा नकाशा तिला शाळेसाठी करायचा होता, आणि 'मी करते' असं ती सांगत असताना तो मीच केला. ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्र आहे, म्हणजे आयोनियाही तिथंच असणार, असं म्हणून मी थर्माकोलवर सगळे झेंडे दिमाखात तिकडे चिकटवले. सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या ग्रीक बाई भेटल्या. नकाशा पाहून म्हणाल्या, "माझी आजी आयोनियाची. तिचं गाव पलीकडे, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर. तुम्ही तिला अख्खा देश ओलांडायला लावलात." लेक रडवेली झाली, आणि शाळेतलं जपानी तोंडात आलं. "पप्पा, चिगाऊ. सगळं चुकलंय, आणि वर्गात मला बोलायचंय." मग खाली लॉबीतल्या सोफ्यावर बसून आम्ही तिघांनी झेंडे उपटून पूर्वेला लावले. पश्चिमेला थर्माकोलचे तुकडे निघाले, त्यांना बाईंनी बेटं ठरवून टाकलं. तिथं खरंच बेटं आहेत म्हणे. लाज झाकायला मी म्हणालो, "या आयोनियावरूनच आमच्याकडे सगळ्या ग्रीकांना यवन म्हणायचे." बाईंनी तो शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. "म्हणजे आजीचा किनारा तुमच्यापर्यंत पोचला," म्हणाल्या आणि डोळे पुसत हसत सुटल्या. लेकीने वर्गात तेच सांगितलं आणि टाळ्या घेऊन आली. आता ती कॉलेजात आहे. स्टेशनात पूर्वेचं दार शोधायचं असलं की आधी मी कुठे वळतो ते बघते, आणि निमूटपणे उलट्या दिशेने चालू लागते.