दोन फोन बांधणारी इहीण

माह्या इहिणीसारखी फोनवर बोलणारी बाई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरी नाही, अन् असलीच तर त्या गावच्या टावरचं काही खरं नाही. इहीण म्हणजे माह्या पोरीची, वर्षाची, सासू. ती राहते जानेफळले, मी राहते लोणारले, अन् आमच्या दोघींचं जे काही हाय ते सगळं मस्कतले. तिचा पोरगा तिथं एसी दुरुस्तीच्या कामावर हाय. आधी एकटाच होता. मंग वरच्या जागेवर गेला तवा बायको न्यायची परवानगी भेटली, अन् माही एकुलती एक पोरगी विमानात बसून गेली. मी शाळेत दुसरीपर्यंत गेली. मस्कत समुद्राच्या पल्याड हाय एवढं मले समजते, अन् समुद्र म्हणाल तर मी आपलं लोणारचं तळंच पाह्यलं.

लोक म्हणते आता फोन फुकट झाला. शेजारची सून पुण्याच्या भावाशी रोज तोंड पाहू पाहू बोलते, तिले काही पडत नाही. पण त्या मुलखात हा फुकटचा फोन लागत नाही म्हणे. फोटो जाते, लिहिलेलं जाते, बोलायले गेलं की काही नाही. काऊन, तर तिथला कायदा. ज्या वाटेनं फोटो जाते त्याच वाटेनं आवाज काऊन जात नाही, हे मी जावयाले विचारलं, इहिणीले विचारलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या मास्तराले बी विचारलं. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. म्हणून इहिणीच्या मोठ्या फोनात बोट लावायचं एक वेगळं चित्र हाय, त्याले ॲप म्हणते. त्यात अगोदर पैसे भरा लागते, मंग बोलू तसतसे ते कमी होते. साध्या फोनपेक्षा लय सस्त पडते. पण ते कमी होताना डोळ्यांनी दिसते ना, तिथंच इहिणीचा जीव वरखाली होते.

तिकडून उचलेपर्यंत पैसा लागत नाही, हे तिले ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून ती घंटी वाजायले लागली की बोलणं सुरू करते. "म्हैस व्याली, वगार झाली, तुह्या मावशीच्या गुडघ्याचं आपरेशन झालं, तूर बरी हाय, गोठ्याचा पत्रा उडला होता तो बसवला," असं सगळं ती घंटीलेच सांगून टाकते. तिकडून पोराचा "हॅलो माय" आला की म्हणते, "झालं बापा माहं सगळं सांगून. ठेवू?" फोनवर ती कोणाले हसू देत नाही. मी एकदा तिच्या घरून बोलताना हसली तर माह्या पाठीत हात मारून म्हणे, "ठेवल्यावर हसा इहीणबाई, तवा फुकट हाय." खोकला येणाऱ्या माणसानं अंगणात जाऊन अगोदरच खोकून घ्यायचं. अन् ओरडणं तर असं, की मेहकरले बोलायचं तर साध्या आवाजात, मुंबईले बोलायचं तर उभं राहून, अन् मस्कतले बोलायचं तर डोक्याचा पदर कमरेले खोचून. गल्लीतल्या लोकाईले आमच्या वर्षाले कोणत्या दिवशी ताप आला हे वर्षाच्या नवऱ्याच्या आधी माहीत असे.

पोरगा एकटा होता तवा घंट्यांचं ठरलं होतं. एक घंटी देऊन ठेवली म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे पैसे पोचले. तीन म्हणजे काहीतरी झालं, तूच फोन कर. एकदा इहिणीनं एक घंटी दिली, पण ती गेली का नाही असा तिले इचार पडला, म्हणून अजून एक दिली. मंग मनात आलं, आता याचा अर्थ पैसे पोचले असा होईन, अन् पैसे तर पोचले नाही, पोराले खोटं कसं कळवावं? म्हणून ते खोडायले तिसरी दिली. पोरगा शिडीवरून उतरला अन् साध्या महागाच्या फोनवरून ओरडला, "माय, काय झालं?" इहीण म्हणे, "काही नाही रे, एकच समज."

अन् वेळेचं तर काही पुसू नोका. पोरानं तिले सांगितलं होतं की मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड घंटा मांगं हाय. तिनं त्याचा अर्थ असा धरला की इकडे जे होते ते तिकडे दीड घंट्यानं होते. एकदा जानेफळले गारा पडल्या तर हिनं घाईघाईनं फोन लावला. "वर्षे, दोरीवरचे कपडे काढ. इकडे गारा पडून राह्यल्या."

वर्षा म्हणे, "आत्याबाई, इथं ढग बी नाही हो."

"आता नाही. मंग सांगजो."

हे मले कळलं तवा मी लय हसली. पण रात्री इचार करून पाह्यला, तर ती नेमकी कुठं चुकली हे मले बी सांगता येईना.

माह्याजवळ बटनाचा फोन. मोठा फोन घ्यायची ऐपत नाही अन् त्यातलं बारीक वाचायले डोळे बी नाही. मंग मी वर्षाशी बोलावं कसं? बोलून पाठवायचं ते एक असते म्हणे, त्याले पैसे पडत नाही. ते इहिणीनं करून पाह्यलं. सकाळी तिनं विचारून पाठवलं, "भाजीत काय टाकू?" अन् उत्तर आलं दुपारी, ती गोठ्यात शेण काढत असताना. फोनातून वर्षा म्हणे, "थोडा गूळ टाका." इहीण हातात पाटी धरून तशीच उभी. कशात गूळ टाकू, हे तिले काही केल्या आठवेना. त्या दिवसापासून तिनं ते बंद केलं. म्हणे, "सवाल अन् जवाब एका जागी पाह्यजेत, नाहीतर माणूस येडं होते."

मंग तिनं आपल्या डोक्यानं जे काढलं ते कोणत्या इंजिनियरले बी सुचलं नसतं. मोठ्या फोनवरून वर्षाले लावायचं. इवायाचा, म्हणजे तिच्या वारलेल्या मालकाचा, बटनाचा फोन होता, त्यावरून मले लावायचं. दोन्ही फोनचा आवाज मोठा करायचा, अन् एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी येईन असे उलटसुलट ठेवून परकराच्या नाडीनं घट्ट बांधायचे. आवाज बाहेर सांडू नये म्हणून वरून टावेल. पहिल्यांदा वर्षाचा आवाज आला तो रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, पण आला. आमचं लोणार अन् मस्कत असं जानेफळच्या नाडीवर जोडलं गेलं.

यात फक्त एक होतं. मी बोलली की लगेच उत्तर येत नसे. माहं बोलणं आधी जानेफळले जाई, नाडीतून पलीकडे होई, समुद्र ओलांडी, मंग वर्षाच्या कानात पडे, अन् तिचं बोलणं त्याच वाटेनं मांगं येई. तेवढ्या वेळात मी चुलीतलं लाकूड ओढून घेत जाओ. इहिणीले मात्र ती मधातली जागा रिकामी पाहवत नसे. पैसे चालू अन् कोणी बोलत नाही, म्हणजे तिच्या अंगावर काटा. मंग तीच बोले. "तुमची पोरगी म्हणते भात खाल्ला!" मी म्हणो, "ऐकलं हो." ती म्हणे, "वरून वरण बी!" वरणाचं वर्षा काही बोललीच नसे.

गेल्या उन्हाळ्यात वर्षाले सहावा महिना लागला होता. एका दुपारी इहिणीचा फोन आला. "बांधले हो, बोला."

मी म्हटलं, "वर्षा, कशी हाय माय तू?"

शब्द तोंडातून पडतो ना पडतो तर उत्तर आलं, "बरी हाय माय." बारीक आवाज. माहा हात चुलीतल्या लाकडाजवळ तसाच राह्यला. मधातला समुद्र कुठं गेला?

मी परत विचारलं, "जेवण जाते का?"

"जाते ना माय. वरण-भात खाते." लगेच. जशी समोर ओट्यावर बसली हाय. मंग मोठा आवाज, "ऐकलं का इहीणबाई? वरण-भात खाते!" मंग बारीक आवाज, "तू माही काळजी नोको करू." दोघी बोलून राह्यल्या होत्या, पण एक बोलली की दुसरीले दम खायले वेळ लागे. मधातच पाठीमांगं म्हैस हंबरली, तर बारीक आवाजानंच तिले म्हटलं, "चूप वो!"

मले हसू यायले पाह्यजे होतं. आलं नाही. मी म्हटलं, "जप बाई," अन् फोन ठेवला. माहा मालक विहिरीच्या कामावर असताना वारला तवा बी मले पहिले असंच सांगितलं होतं, दवाखान्यात हाय, बरा हाय. वर्षा तवा पदराखाली होती. मंग निंदणं केली, लोकाईच्या घरी पापड लाटले, पोरीले बारावी केलं, त्याचं काही नाही. पण "बरा हाय" म्हटलं की मले तवापासून भ्याव वाटते. पोरगी बरी असती तर ती आपल्या तोंडानं काऊन बोलली नसती? दुसऱ्या बाईवर तिचा आवाज काढायची पाळी काऊन आली? भाकर थापली, खाल्ली नाही.

सकाळी लोणारहून पहिल्या गाडीनं मेहकर, तिथून जानेफळ. इहीण दारातच होती. मले पाहून पहिले तर म्हणे, "अवो, एवढं भाडं घालून आल्या? फोन करा लागत होता." मंग माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् दारातून बाजूले झाली.

मी म्हटलं, "माही पोरगी जित्ती हाय का? एवढंच सांगा."

"हाय हो, हाय! देवाची आण, हाय. पोटातलं गेलं, इहीणबाई." अन् ती उंबऱ्यात बसली. "चार-पाच दिवस झाले. पोरगी तवापासून कोणाशी बोलत नाही. पोराशी नाही, माह्याशी नाही. तुम्ही तिथं एकट्या राहता, जवळ कोणी नाही. असं कानात कसं घालू फोनवरून? मीच आज तुमच्याकडे निघाली होती." खाटेवर पिशवी भरून ठेवली होती. वर फडक्यात भाकरी बांधलेल्या. "कालचा दिवस कसातरी काढायचा होता, म्हणून तसं बोलली. फसल्या नाही ना तुम्ही?"

"तुम्ही म्हशीले रागावल्या," मी म्हटलं.

ती रडता रडता हसली, अन् पदरानं तोंड पुसून मोठा फोन घेतला. या खेपेले नाही बांधला, सरळ माह्या हातात दिला. जावयानं उचलला. म्हणाला, "मामी, कानाशी धरतो तिच्या. ती बोलन का नाही, माहीत नाही."

मी म्हटलं, "वर्षा." काही नाही. मी वाट पाह्यली. नुसता पंख्याचा आवाज येत होता, तिथल्या. इहिणीचे डोळे फोनवरच्या आकड्यावर होते, आकडा उतरत होता, पण तिनं हात लावला नाही. मी अजून एकदा म्हटलं, "वर्षा." मले मोठ्या गोष्टी बोलता येत नाही. मले जे येते ते मी बोलली. म्हटलं, "तुह्या आधी माहं बी एक गेलं होतं, बाई. निंदायले गेली होती, तिथंच वावरात. घडीभर बाभळीखाली बसली, अन् संध्याकाळी घरी येऊन सैपाक केला."

इहिणीनं माह्याकडे पाह्यलं. हे तिले माहीत नव्हतं. कोणालेच नव्हतं. लय वेळानं पल्याडून आवाज आला, इतका बारीक की मी फोन कानात दाबला.

"तू कधी सांगितलं नाही."

"कोणाले सांगू? तू व्हायची होती."

ती रडायले लागली. मी रडू देलं. मंग म्हणाली, "माय, मी ना—" अन् फोन बंद. चित्रातले पैसे सरले होते.

इहीण उठली ते सरळ रस्त्यानं पळत सुटली. तिचं असं पळणं मी कधी पाह्यलं नव्हतं. चपला दारात तशाच. बारा वाजायचं ऊन, डांबर मऊ झालेलं, अन् ती भर बाजारातून मोबाईलच्या दुकानाकडे, पदर खांद्यावर नाही, "अरे, भर बापा लवकर, पोरगी बोलून राह्यली!" असं ओरडत. गल्लीले सगळं ऐकू गेलं. मी हातात मुका फोन धरून बसली. काय करावं समजेना, म्हणून उठून म्हशीले पाणी पाजलं.

ती आली, तिनं लावला. घंटी वाजायले लागली, पण या खेपेले ती घंटीशी काहीच बोलली नाही. तिकडून लगेच उचलला. जावयानं नाही, वर्षानं.

"कटला होता का माय? मी तर बोलतच होती."

"काय बोलत होती?"

"थांब, पहिल्यापासून सांगते."

इहीण माह्याजवळ भिंतीले टेकून बसली अन् पोळलेल्या तळपायावर तांब्यातलं पाणी ओतत राह्यली. वर्षा किती वेळ बोलली सांगता येत नाही. थोडं मले ऐकू आलं नाही, थोडं ऐकू येऊन बी समजलं नाही. मस्कतचे दवाखाने, तिथल्या बाया, तिची खिडकी, मले यातलं काय समजते? मी आपली हाव, हाव म्हणत हुंकारा देत गेली. पण आवाज तिचा होता.