दुधाटे सरांच्या बेचाळीस बरण्या

११ ऑगस्ट १९८३ रोजी आमच्या कॉलेजात रु. ३,८४७.५० चा ड्राफ्ट आला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक मुंजाजी दुधाटे यांना संशोधनासाठी मिळालेलं ते अनुदान. मुख्य लिपिक म्हणून मीच ते जमा केलं. कॉलेजात सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. विज्ञानाशी माझा संबंध पावत्यांपुरता.

दुधाटे सर चुडाव्याहून रोज पॅसेंजरने येत. नोकरी हंगामी. ३१ मार्च १९८७ च्या आत पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दिला तर कायम, नाहीतर नाही, अशी अट त्यांच्या आदेशात होती. तो आदेशही मीच टाइप केला होता.

त्यांच्या भट्टीचं लाइटबिल वाढलं तेव्हा मी विचारलं, "सर, करायलात तरी काय?"

"भाऊसाहेब, टॉर्चचा सेल संपला की आपण फेकून देतो. मला परत भरता येणारा करायचाय. लिथियम म्हणून लय हलका धातू हाय. तो या काळ्या पुडीत शिरतो, अन् उलटा करंट दिला की बाहेर निघतो. पूड जाड असली तर आतपर्यंत पोचत न्हाई. भरड भिजवली तर दाणा आतून कोरडाच राहतो का न्हाई? पीठ कसं लगेच भिजतं. मला पिठाच्या हजारपट बारीक पायजे."

विहिरीत टाकतात ते लाल औषध आणि साखर पाण्यात कालवून ते त्याचा खरवसासारखा गोळा करायचे. तो वाळवून भट्टीत सलग नऊ दिवस. मध्ये वीज गेली की माल वाया, पुन्हा पहिल्यापासून. साडेतीन वर्षांत बेचाळीस बरण्या झाल्या. प्रत्येक बरणीची आच वेगळी, म्हणून कण वेगळा. कण मोजायचं यंत्र पुण्याला. आठ महिने पत्रं लिहिल्यावर तिथली तारीख मिळाली, ९ फेब्रुवारी १९८७.

डिसेंबरात सर ऑफिसात आले. "भाऊसाहेब, बरण्यांची नोंद घेता का रजिस्टरला?"

"बिल आहे?"

"बिल कुठलं? मीच केल्या."

"मग कशी घेऊ?"

ते हसले आणि गेले. बिल नाही ती वस्तू नोंदवता येत नाही. नियम तोच होता.

२० जानेवारीला विद्यापीठाची संलग्नता समिती यायची होती. वर्गांतले फळे पांढरे पडलेले. रंगाचा प्रस्ताव मी ठेवला, तर संस्थेचे सचिव माणिकराव म्हणाले, "फळ्याला रंग? गावाकडं पोरं फुकटात करतात." मी टिपणीवर लिहिलं: खर्च मंजूर नाही, उपलब्ध साहित्यातून करावे.

खेड्यातल्या शाळांत जुने सेल फोडून आतली काळी पूड घोसाळ्याच्या पाल्यात कुटतात आणि फळ्याला फासतात. आमचा शिपाई सिताराम ताडकळसचा, लहानपणापासून हेच करत आलेला. तो टिपणी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"भाऊसाहेब, दुधाटे सरांच्या कपाटात सेलाची पूड लय हाय. अन् मैद्यावानी बारीक. घेऊ का?"

कपाटाची दुसरी किल्ली नियमाप्रमाणे माझ्याकडे. मी रजिस्टर उघडून पाहिलं. कपाटात नोंद फक्त रिकाम्या बरण्यांची होती. मी किल्ली दिली.

सर तेव्हा औरंगाबादला मार्गदर्शकांच्या सहीसाठी गेले होते. नामांतराच्या बंदमुळे एसटी बंद, दोन दिवस अडकले. आले तेव्हा समिती निघून गेली होती. तिच्या अहवालात एक वाक्य आहे: फळे उत्तम.

सिताराम त्यांना कौतुकानं सांगत होता, "बगा सर, कसा चढलाय रंग! अकरा फळे झाले अन् चिमूटभर उरली न्हाई. बरण्या घासून ठिवल्यात."

वर्गात जाऊन सरांनी दाढीचं पातं काढलं आणि फळा खरवडू लागले. मुलं हसायला लागली. तासाभरात एक पुडी जमली. पूड, पाल्याचा चिकटा, खडू आणि जुना रंग. आणि बेचाळीस आचांची सरमिसळ. कोणत्या बरणीचं काय, हे त्यांनाही सांगता येईना.

माणिकराव दारात आले. "सर, लोकांची पीएच.डी. कागदावर असते. तुमची अकरा फळ्यांवर झाली की!" स्टाफरूममध्ये तो विनोद वर्षभर चालला. कोणी म्हणे, "दुधाटे, डस्टर हळू मारा, प्रबंध पुसला जाईल."

मुदतवाढीचा अर्ज त्यांनी केला. कारणाला पुरावा मागितला गेला. बरण्यांत पूड होती असं लिहून द्या, म्हणून ते माझ्याकडे आले. नोंद नाही ते मी लिहून देऊ शकत नाही, हे मी सांगितलं.

"तुमी किल्ली दिली ना, भाऊसाहेब? तेवढं तरी लिहा."

"किल्ली रिकाम्या बरण्यांची दिली, सर."

मुदतवाढ मिळाली नाही. पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. अहवाल नाही म्हणून अनुदान परत मागवलं गेलं. संस्थेनं ते भरलं आणि ऑगस्ट १९८७ पासून सरांच्या पगारातून दरमहा दीडशे कापायचं ठरलं. दोन वर्षं ते त्याच फळ्यांवर शिकवत होते. सप्टेंबर १९८९ पासून त्यांच्या जागी पीएच.डी. झालेला माणूस आला.

पुढं त्यांनी ताडकळसला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान टाकलं. ब्याण्णवच्या एका बाजारी मी तिथं गेलो. जपानात परत भरता येणारी लिथियमची बॅटरी निघाल्याचं पेपरात आलं होतं. ते कात्रण मी त्यांना दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, त्यावर ॲसिडची बाटली ठेवली आणि म्हणाले, "गिऱ्हाईक हाय. सरका जरा."

मी या वर्षी निवृत्त होतोय. पदभार देण्याची यादी केली आहे. दुधाटे यांचे पंचवीस हप्ते कापले गेले, सव्विसावा राहिला. त्यांच्याकडून संस्थेला रु. ९७.५० येणे आहे.