डावा गुडघा

नवऱ्याला नाही, मुलांना नाही — आणि भावाला तर नाहीच. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ रवी कळमेश्वरला एका कारखान्यात आहे. काही वर्षांपूर्वी नागपुरात, सदरमध्ये, त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही दोघं घसरलो. त्याला खरचटलंही नाही. माझा उजवा गुडघा सोलवटला. जखम लवकरच भरली. पुढे जिना चढताना गुडघे दुखायला लागले, तेव्हा सगळे म्हणाले, त्या पडण्यामुळेच. मीही तेच म्हणत राहिले.

पण एक गोष्ट मनात घोळत होती — मार उजव्याला लागला, मग डावा काहून दुखावा?

रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे एकटीच गेले. त्यांनी दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे शेजारी-शेजारी लावले. हाडांमधली फट दोन्हीकडे सारखीच कमी झालेली. पडण्याचा काही संबंध दिसत नाही, म्हणाले, हे वजनाचं आहे. पायरी चढताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मग माझ्या हाताची बोटंही काहून दुखतात, मी विचारलं — बोटांवर तर मी चालत नाही? ते हसले. चरबी नुसती बसून नसते, म्हणाले. तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात, ती बोटांच्या सांध्यांनाही त्रास देऊ शकतात. मी विचारतच राहिले. आपल्याच शरीराचं एवढं नवल मला कधी वाटलं नव्हतं.

आणि घरी येऊन काय सांगितलं? — जुना मार आहे म्हणाले.

काहून? जाडीची लाज? की दोष दुसऱ्या कुणाचा असला, की बरं वाटतं? मला अजून नीट उमगलेलं नाही.

रवीनं गाडीवर मागे कुणाला बसवणंच सोडलं. त्याची मुलगी शाळेत सोडून द्या म्हणायची, तर तिला ऑटोनं धाडायचा. दर रविवारी बसनं नागपूरला यायचा, मला व्यायामाला न्यायचा. इकडे मी गुपचूप जेवण आवरलं, सकाळी चालू लागले. वजन उतरत गेलं, तसं दुखणंही कमी झालं.

एका रविवारी मी कठड्याला हात न लावता जिना उतरले. रवी खाली उभा होता. बराच वेळ तो माझ्या पायांकडेच पाहत होता.

"ताई, आता तरी मले माफ केलं का तुनं?"

यापेक्षा चांगली वेळ कोणती होती? शब्द तर तोंडाशी आले होते.

"हो गा," मी म्हणाले. "केलं माफ."