उजेडात आणि अंधारात सारखीच पावडर

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माती सगळेच खातात हो, पण मी ती वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, माईक हातात घेऊन खाल्लेली!

माझी पीएचडी टायटॅनियम डायऑक्साइडवर. भिंतीच्या रंगात असते ना, ती पांढरी पावडर. प्रकाशात ठेवली की पाण्यातला रंग तोडून टाकते. पण बाईसाहेबांना लागतो अल्ट्राव्हायोलेट! साध्या दिव्याखाली ढिम्म. म्हणून मी तिच्यात नायट्रोजन घातला. पावडर पिवळी झाली आणि एक दिवस साध्या एलईडीखाली निळं पाणी चक्क नितळ!

धावत घरी आले, बाबांना सांगितलं. बाबांची अख्खी नोकरी डोंबिवलीत, रंगाच्या कारखान्यात गेली. आता फुप्फुसं कामातून गेलेली. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर.

"म्हणजे आमच्या कारखान्यामागचा रंगीत नाला साफ होईल?"

"होणारच, बाबा!"

गरज होती का एवढं बोलायची?

बाबांनी सेक्रेटरी सावंतकाकांना फोन केला, काकांनी सगळ्या बिल्डिंगला. रविवारी प्रयोग ठरला!

"काका, मी अजून सरांनाही दाखवलेलं नाहीये."

"अगं, सरांचं मग बघू. बाबांकडे बघ जरा."

बघितलं. आणि रविवारसाठी पावडर घरी आणली.

रविवारी चौघांनी बाबांना खुर्चीसकट तळघरातल्या हॉलमध्ये उतरवलं. मी निळ्या पाण्यात पावडर टाकली, दिवा लावला, माईक घेतला. "हा सगळा उजेडाचा खेळ आहे!"

आणि लाइट गेले.

मिट्ट काळोख. मुलं रडायला लागली. बऱ्याच वेळाने लाइट आले आणि बघतो तर काय, पाणी नितळ! टाळ्याच टाळ्या! सगळ्यात जोरात बाबांच्या.

मला फक्त तळ दिसत होता. तिथे बसलेली माझी पिवळी पावडर निळीशार झालेली.

रंग तुटलाच नव्हता, पावडरीला नुसता चिकटलेला. इतके महिने लॅबमध्येही हेच चाललेलं. गाळून घेतल्यावर गाळाकडे बघतंय कोण? आधी अंधारात ठेवून तपासायचं, हे पहिल्या वर्षाचं पोरगंही करतं. पण उजेडावर चालणारी वस्तू अंधारात कशाला बघायची, नाही का?

दुसऱ्या दिवशी बाबांना खरं सांगून टाकलं.

"म्हणजे रंग गेला नाही. आत जाऊन बसला."

"हो."

"माझ्यासारखंच की गं!" हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. मी पाठ चोळत राहिले. दुसरं काय येत होतं मला?

श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "सावंतला फ्लेक्स लगेच काढायला लावू नकोस. इथून दिसतो."

कसला फ्लेक्स? खिडकीतून वाकून पाहिलं. गेटवर माझा हाऽऽ एवढा फोटो, त्याहून मोठा सावंतकाकांचा, आणि खाली ठळक अक्षरांत: 'उजेडात आणि अंधारात सारखीच चालणारी पावडर शोधल्याबद्दल आमच्या लाडक्या कन्येचं हार्दिक अभिनंदन!'

एक अक्षरही खोटं नव्हतं हो त्यात!